'प्रॉप्र' म्हणजे स्वतःचा की स्वच्छ? नियम कुठे चालतो आणि कुठे अडतो

'प्रॉप्र' (propre) या फ्रेंच शब्दाबद्दल एका ताईंनी इथे प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगते म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. त्या नुकत्याच फ्रान्समध्ये तुलूझला राहायला गेल्यात, मुलगा तीन वर्षांचा होतोय, त्याचं नाव घालायला शाळेत गेल्या तर तिथल्या बाईंनी विचारलं, "एस् किल ए प्रॉप्र?", म्हणजे तो 'प्रॉप्र' आहे का? ताईंनी सांगितलं की हो, रोज आंघोळ घालते, आणि समोरच्या बाई गोंधळल्या. क्लासमध्ये त्यांना शिकवलंय की प्रॉप्र नामाच्या आधी आला की 'स्वतःचा' आणि नंतर आला की 'स्वच्छ'. मग घर सोडण्याच्या नोटिशीचा नमुना बघताना त्यांना 'आं मँ प्रॉप्र' दिसलं, मँ म्हणजे हात, प्रॉप्र नामाच्या नंतर आलाय, पण स्वच्छ हातांचा तिथे काही संबंध नाही. तर या एका शब्दाचे अर्थ तरी किती आणि ओळखायचं कसं, असं त्यांनी विचारलंय.

मी पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवते आणि सोबत कागदपत्रांच्या अनुवादाची कामं करते, त्यामुळे या शब्दाशी माझी रोजची गाठ आहे. नवशिक्यांपासून ते चांगले वरच्या लेव्हलला पोचलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळे इथे अडखळतात, त्यामुळे ताई, तुमचं काही चुकलं असं अजिबात समजू नका.

आधी शाळेचं बघू कारण ते तातडीचं आहे. लहान मुलाबद्दल 'प्रॉप्र' विचारलं की त्याचा अर्थ एकच, मूल शी-शू सांगतं का, डायपर सुटलाय का. आंघोळीचा, कपड्यांचा काही संबंध नाही. या सगळ्या शिकण्याला तिकडे 'आकिझिसियों द ला प्रॉप्रते' म्हणतात आणि हे शब्द शाळेच्या फॉर्मवर, बालरोगतज्ज्ञांकडे, पाळणाघरात सगळीकडे ऐकू येतील. दिवसा सांगतो पण रात्री अजून डायपर लागतो असं असेल तर "इल ए प्रॉप्र ल जूर, पा-झांकोर ला नुई" एवढं वाक्य पुरतं, दिवसा प्रॉप्र आहे, रात्री अजून नाही. डायपरला 'कूश' म्हणतात. आता शाळा याबाबत किती ताणून धरेल हे त्या-त्या शाळेवर आणि तिथल्या माणसांवर आहे, ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण २०१९ पासून फ्रान्समध्ये वयाच्या ३ वर्षांपासून शिक्षण सक्तीचं झालंय, तेव्हा हा प्रश्न म्हणजे मुलाची परीक्षा आहे असं समजून घाबरू नका, जे आहे ते सरळ सांगा आणि त्यांच्याकडे काय सोय आहे ते विचारा. जाता जाता, कुत्र्याच्या पिल्लाबद्दल 'प्रॉप्र' म्हटलं तरी अर्थ हाच, घरात घाण करत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला दिलेला नियम खोटा नाही पण अर्धा आहे. 'आधी स्वतःचा, नंतर स्वच्छ' हा जागेचा नियम आहे, आणि जागा ही फक्त एक खूण झाली. माझ्या मते खरी अडचण अशी की आपण प्रॉप्रचे दोन वेगळे अर्थ म्हणून पाठ करतो, एका कप्प्यात 'स्वतःचा', दुसऱ्यात 'स्वच्छ', आणि मग या दोन्हींत न बसणारं काही आलं की हात टेकतो. त्यापेक्षा हा शब्द कुठून कुठे गेला ते एकदा समजून घेतलं तर बहुतेक वाक्यं आपोआप सुटतात.

लॅटिनमध्ये 'प्रोप्रिउस' म्हणजे ज्याचं त्याचं, स्वतःचं, खास त्याचंच. तो पहिला अर्थ. जे खास ज्याचं त्याचं असतं ते त्याला शोभतं, त्याला लागू पडतं, म्हणून पुढे 'योग्य, लायक' हा अर्थ आला. जे योग्य तऱ्हेने असतं ते नीटनेटकं, व्यवस्थित, तेव्हा १७व्या शतकातल्या फ्रेंचमध्ये नीट पोशाख केलेल्या माणसालाही प्रॉप्र म्हणायचे. आणि नीटनेटकं म्हणता म्हणता शेवटी 'स्वच्छ' हा अर्थ पक्का झाला. आपल्या 'नीट' या शब्दात यातले दोन टप्पे एकत्र दिसतात बघा, 'नीट बोल' मध्ये योग्य आणि 'घर नीट ठेव' मध्ये आवरलेलं, स्वच्छ. तेव्हा स्वच्छ हा या साखळीतला शेवटचा मणी आहे, आणि आधीचे अर्थ मेलेले नाहीत, ते सगळे आजही वापरात आहेत. म्हणूनच फ्रेंचमध्ये 'प्रॉप्रिएते' म्हणजे मालमत्ता आणि 'प्रॉप्रते' म्हणजे स्वच्छता असे दोन सख्खे भाऊ शेजारी शेजारी नांदतात, अगदी थोड्या फरकाने. पॅरिसमध्ये कचऱ्याच्या हिरव्या गाड्यांवर 'प्रॉप्रते द पारी' लिहिलेलं असतं, ते 'पॅरिसची मालमत्ता' असं वाचणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

आणि गंमत म्हणजे मूळ अर्थ आपल्याही तोंडात आहे, इंग्रजीतून आलेला. "तुम्ही प्रॉपर साताऱ्याचे का?" असं आपण विचारतो तेव्हा विचारतो काय, की सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावचे की खास सातारा शहराचेच. तो 'खास त्याचाच' अर्थ म्हणजे प्रोप्रिउसच. फक्त हेच फ्रेंचमध्ये म्हणायचं तर प्रॉप्र वापरायचा नाही हां, तिथे 'प्रॉप्रमां दी' म्हणतात, 'ला व्हील प्रॉप्रमां दीत' म्हणजे प्रॉपर शहर, उपनगरं सोडून.

आता वाक्यात काय बघायचं ते सांगते. मी स्वतः अनुवाद करताना नामाच्या आधी की नंतर हे सगळ्यात आधी बघतच नाही. आधी बघते की जवळ 'माझा, तुझा, त्याचा' वाला शब्द आहे का, म्हणजे मों, मा, मे, सों, सा, से, व्होत्र वगैरे. तो असेल आणि त्याला चिकटून लगेच प्रॉप्र असेल तर अर्थ 'स्वतःचा', शंकाच नाही. 'शाकँ आ सा प्रॉप्र शांब्र', प्रत्येकाला स्वतःची खोली आहे. आणि हॉटेलच्या रिव्ह्यूमध्ये 'शांब्र प्रॉप्र' असेल तर खोली स्वच्छ होती. सगळ्यात उपयोगी जोडी मला वाटते ती चादरी-कपड्यांची. सुट्टीसाठी घर भाड्याने घेतलं आणि मालकाने लिहिलं की 'व्होत्र प्रॉप्र लँज' आणा, तर म्हणतोय की चादरी-टॉवेल तुमचे तुम्ही आणा, इथे मिळणार नाहीत. आणि हॉस्पिटलमध्ये पेशंटसाठी 'द्यू लँज प्रॉप्र' आणायला सांगितलं तर म्हणतायत धुतलेले कपडे आणा. पहिल्यात तुमचे, दुसऱ्यात धुतलेले. दोन्ही वाक्यं दारावरच्या कागदावर किंवा मेसेजमध्ये येतात, समजावून सांगायला समोर कोणी नसतं, आणि उलटं समजलं तर चादरीविना रात्र काढायची वेळ येते.

लक्षात ठेवायला मराठीत एक सोपी खूण आहे, दोन्ही शब्द 'स्व'ने सुरू होतात, स्वतःचा आणि स्वच्छ, आणि छोटा 'स्व' आधी, मोठा 'स्वच्छ' नंतर. (फक्त यावरून स्वच्छ आणि स्वतः हे एकाच मुळाचे आहेत असं समजू नका, स्वच्छ हा सु अधिक अच्छ असा आहे. खूण म्हणून वापरा, व्युत्पत्ती म्हणून नको.)

इथे मराठी माणसाची खास अडचण येते आणि याबद्दल पुस्तकांत काही मिळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे 'आपला' आणि 'त्याचा' असे दोन वेगळे शब्द आहेत. राजूने आपली गाडी नेली म्हणजे राजूची, राजूने त्याची गाडी नेली म्हणजे बहुतेक दुसऱ्या कोणाची तरी. फ्रेंचमध्ये दोन्हीला 'सा व्वात्युर' एवढंच, ऐकणाऱ्याने संदर्भावरून समजून घ्यायचं. म्हणून जिथे खरंच गोंधळ होऊ शकतो तिथे फ्रेंच माणूस 'सा प्रॉप्र व्वात्युर' म्हणतो, म्हणजे प्रॉप्र आपल्या 'आपला'चं काम करतो. इथपर्यंत छान. पण मग आपले विद्यार्थी काय करतात, मराठीत जिथे जिथे 'आपला' किंवा 'स्वतःचा' येतो तिथे तिथे प्रॉप्र टाकत सुटतात, आणि मराठीत तो दर दुसऱ्या वाक्यात येतो. 'तो आपल्या आईशी बोलला' याचं साधं फ्रेंच 'इल आ पार्ले आ सा मेर' एवढंच आहे. तिथे 'सा प्रॉप्र मेर' घातलं तर अर्थ होतो 'प्रत्यक्ष स्वतःच्या जन्मदात्या आईशी', ऐकणारा कान टवकारतो, याला काहीतरी विशेष सांगायचंय असं त्याला वाटतं, 'स्वतःच्या आईशीसुद्धा खोटं बोलला' अशा थाटाचं काहीतरी. म्हणजे प्रॉप्रमध्ये जोर आहे. गोंधळ टाळायचा असेल किंवा जोर द्यायचा असेल तरच वापरा, नाहीतर सोडून द्या. माझा अंदाज विचाराल तर मराठीतले दहा 'आपला/स्वतःचा' असतील तर फ्रेंचमध्ये दोन-तीनच्या वर प्रॉप्र लागत नाहीत.

दुसरी आपली चूक 'ओन हाऊस'ची. 'आमचं ओन हाऊस आहे' हे आपण सर्रास बोलतो आणि त्यातून 'युन प्रॉप्र मेझों' तयार होतं. हे फ्रेंच नाही. 'स्वतःचा' या अर्थाचा प्रॉप्र नामाच्या आधी हवा असेल तर त्याच्या आधी 'माझा-तुझा' वाला शब्द जवळजवळ नेहमीच लागतो, नुसतं 'एक' लावून चालत नाही. 'मा प्रॉप्र मेझों' चालेल, 'युन मेझों आ म्वा' चालेल, आणि भाड्याने राहत नाही एवढंच सांगायचं असेल तर सरळ 'ज स्वी प्रॉप्रिएतेर' म्हणा, मी मालक आहे, तिकडे बँकेत, ऑफिसात हेच बोलतात.

अजून एक बारीक गोष्ट जी लिहिताना हमखास चुकते. 'इदे' म्हणजे कल्पना, स्त्रीलिंगी शब्द, पण स्वराने सुरू होतो म्हणून 'मा इदे' न म्हणता 'मों-निदे' म्हणतात, हे तुम्ही शिकलाच असाल. आता मध्ये प्रॉप्र आला तर? प्रॉप्र व्यंजनाने सुरू होतो, त्यामुळे अडचणच उरत नाही आणि 'मा' परत येतो, 'मा प्रॉप्रिदे'. 'मों प्रॉप्रिदे' लिहिलं की चूक. पुढचा लगेचचा शब्द बघायचा, नामाचं पहिलं अक्षर नाही. पुल्लिंग-स्त्रीलिंगात प्रॉप्र स्वतः बदलत नाही, अनेकवचनात फक्त लिहिताना शेवटी एस लागतो, तो एरवी ऐकू येत नाही पण पुढे स्वर आला की 'झ' होऊन प्रकट होतो, 'द मे प्रॉप्र-झ्यो', माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी.

आता नियम जिथे अडतो तिकडे येऊ. प्रॉप्र नामाच्या नंतर आहे, म्हणजे नियमाप्रमाणे स्वच्छ. इथे मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगते, ही वस्तू मळू शकते का? शर्ट मळतो, खोली मळते, पाणी, हात, रस्ता मळतो, तर तिथे स्वच्छ. पण जी गोष्ट मळूच शकत नाही तिच्यामागे प्रॉप्र आला तर तो जुना, मूळचा अर्थ, 'खास त्याचं'. 'नों प्रॉप्र' म्हणजे स्वच्छ नाव नव्हे, आपल्या व्याकरणातलं विशेषनाम, एकाचंच खास नाव. 'सांस प्रॉप्र' म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ, आपण ज्याला वाच्यार्थ म्हणतो तो, आणि त्याच्या समोर 'सांस फिग्युरे', म्हणजे लक्ष्यार्थ. 'ल मो प्रॉप्र' म्हणजे नेमका, अचूक शब्द. 'आमूर-प्रॉप्र' म्हणजे स्वतःबद्दलचं प्रेम, त्यात स्वाभिमानही येतो आणि अहंही, कुठला घ्यायचा ते वाक्य ठरवतं. सिव्हिलवाल्यांच्या कागदात 'प्वा प्रॉप्र' येतं, प्वा म्हणजे वजन, अर्थ काय तर ज्याला ते सेल्फ वेट म्हणतात, बांधकामाचं स्वतःचं वजन, वर ठेवलेला भार सोडून. बॅलन्सशीटमध्ये 'कापितो प्रॉप्र' किंवा 'फों प्रॉप्र' येतं, कंपनीचा स्वतःचा पैसा, कर्जाऊ घेतलेला नव्हे. नवीन अनुवादकाकडून याचं 'स्वच्छ भांडवल' झालेलं मी तपासायला आलेल्या कामात वाचलंय आणि वाचणाऱ्याला वाटलं असेल की हा काळ्या-पांढऱ्या पैशाचा मामला आहे.

तुमचं 'आं मँ प्रॉप्र' याच घरातलं. हात मळू शकतो, त्यामुळे माझा प्रश्न इथे तुम्हाला चकवेल हे मान्य. पण इथे पूर्ण शब्दप्रयोग ठरलेला आहे, 'रमी-झां मँ प्रॉप्र', म्हणजे ज्याचं पत्र त्याच्याच हातात दिलं, पोस्टाने नाही, शेजाऱ्याकडे नाही, वॉचमनकडे नाही. भाड्याचं घर सोडायची नोटीस तुम्ही रजिस्टर्ड पोस्टाने पाठवू शकता किंवा अशी हातोहात देऊ शकता, पण हातोहात दिलीत तर समोरच्याकडून पोच घ्यायलाच हवी, सहीनिशी. त्या पोचेला या नोटिशीत 'रेसेपिसे' म्हणतात, नोकरीच्या राजीनाम्यावर बहुतेक वेळा 'कोंत्र देशार्ज' असं लिहिलेलं दिसेल, मतलब तोच, मिळाल्याची सही. ही सही तारखेसकट घ्या, कारण नोटिशीची मुदत त्या दिवसापासून मोजतात. आणि हेच हात अनेकवचनात, 'आव्ह्वार ले मँ प्रॉप्र' असे आले तर अर्थ पुन्हा वेगळा, हात स्वच्छ असणं, भ्रष्टाचारात न बरबटलेला माणूस. १९९२ मध्ये इटलीत मिलानहून भ्रष्टाचाराविरुद्धची जी मोठी चौकशी सुरू झाली तिला फ्रेंच वर्तमानपत्रं 'मँ प्रॉप्र' म्हणायची ती या अर्थाने.

कायद्याच्या कागदांमधलं एक उदाहरण मुद्दाम देते कारण तिथे चुकीची किंमत मोठी असते आणि तिकडे राहणाऱ्या, तिकडे लग्न केलेल्या मराठी लोकांना हे लागतंच. फ्रान्समध्ये लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेचे दोन भाग पडतात, एक सामायिक आणि एक ज्याची त्याची. ज्याची त्याची ती 'बियँ प्रॉप्र'. ही व्यवस्था १ फेब्रुवारी १९६६ पासून आहे. मराठीत याला पटकन सुचणारा शब्द म्हणजे 'स्वकष्टार्जित', स्वतःची मालमत्ता म्हणजे स्वतः कमावलेली, आपल्या सातबारा आणि मृत्युपत्रांच्या भाषेतून तो डोक्यात बसलेला असतो. पण तसं लिहिलं तर अर्थ बरोब्बर उलटा होतो! लग्नानंतर स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर तिकडे सामायिक धरतात, आणि 'बियँ प्रॉप्र' मध्ये काय येतं, तर लग्नाआधी तुमच्याकडे होतं ते आणि लग्नानंतर वारशाने, मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने तुम्हाला मिळालं ते. म्हणजे आपल्या भाषेत ज्याला वडिलोपार्जित म्हणू ते घर तिकडे 'प्रॉप्र' आणि स्वकष्टाचं घर सामायिक. तुमच्या बाबतीत कुठला कायदा लागू होईल हे लग्न कुठे झालं, नंतर कुठे राहिलात यावर ठरतं आणि ते तिकडच्या 'नोतेर'लाच, म्हणजे मालमत्तेचे दस्त करणाऱ्या कायदेतज्ज्ञालाच विचारा, मी फक्त शब्दाचं सांगतेय. मी अशा कागदात 'व्यक्तिगत मालमत्ता' लिहिते आणि त्याखाली एका ओळीत काय काय येतं ते देते.

पुढची खूण 'आ'ची. प्रॉप्रच्या मागोमाग 'आ' आला, म्हणजे 'प्रॉप्र आ', तर दोनच शक्यता. एक, 'अमक्याचीच खासियत', फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताची म्हणून एक खास चालरीत असेल तर 'युन कुत्युम प्रॉप्र आ ला ब्रताञ'. दोन, 'अमक्यासाठी योग्य'. हा दुसरा तुम्हाला जास्त करून उलट्या रूपात भेटेल, 'अँप्रॉप्र आ ला कोंसोमासियों', खाण्या-पिण्यास अयोग्य. पाणी बिघडल्यावर नगरपालिकेची सूचना येते त्यात हे असतं, आणि इथे नीट लक्ष द्या, पाणी दिसायला अगदी स्वच्छ असू शकतं, म्हणजे साध्या अर्थाने प्रॉप्र, आणि तरी 'अँप्रॉप्र'. नळाला सरळ 'नों पोताब्ल' लिहिलेलं असतं, तेही तेच, पिऊ नका. आणि जो कशाच्याच लायक नाही तो 'प्रॉप्र आ रियँ', आपला बिनकामाचा.

बोलण्यातले प्रयोग भरपूर आहेत, सगळे देत नाही, जे कानावर पडतीलच तेवढे. 'व्होले द से प्रॉप्र-झेल', स्वतःच्या पंखांनी उडणं, आपण म्हणतो स्वतःच्या पायावर उभं राहणं. 'आ से प्रॉप्र फ्रे', स्वखर्चाने. 'द सों प्रॉप्र शेफ', कोणी न सांगता, स्वतःहून, यातल्या शेफचा स्वयंपाकाशी संबंध नाही, जुन्या फ्रेंचमध्ये शेफ म्हणजे डोकं. 'मेत्र ओ प्रॉप्र' म्हणजे फेअर करणं, कच्च्या वहीतलं पक्क्या वहीत उतरवणं, आणि कच्च्याला 'ब्रुयों' म्हणतात, मुलगा मोठ्या शाळेत गेला की हे दोन्ही शब्द रोज ऐकाल. 'प्रॉप्र स्युर लुई' म्हणजे टापटीप राहणारा, पण म्हणणाऱ्याचा सूर बघा, कधी कधी त्यात 'वरवर सभ्य' असा चिमटा असतो. 'एनेर्जी प्रॉप्र' म्हणजे प्रदूषण न करणारी ऊर्जा, आणि गाडीलाही त्याच अर्थाने प्रॉप्र म्हणतात, तेव्हा जाहिरातीतली 'व्वात्युर प्रॉप्र' ही धुतलेली गाडी नसते, कमी धूर सोडणारी असते, पण शनिवारी शेजारी गाडी धुऊन तेच म्हणाला तर धुतलेलीच.

आणि दोन वाक्यं जिथे स्वच्छ म्हणून उलटंच म्हणायचं असतं. 'से द्यू प्रॉप्र!' कोणी म्हणालं तर ते कौतुक नाही, 'वा, छान दिवे लावलेस!' असं आहे. 'नू व्ह्वाला प्रॉप्र!' म्हणजे 'झाली का आता पंचाईत!', उदाहरणार्थ शेवटची ट्रेन चुकल्यावर. हल्ली तरुण मुलं मात्र एखादी गोष्ट छान जमली की मनापासून 'से प्रॉप्र' म्हणतात, एकदम व्यवस्थित, मस्त झालंय. फरक त्या 'द्यू'चा आहे, तो असेल तर टोमणा.

आता एक सावधगिरी, इंग्रजीतून येताना. आपण 'प्रॉपर डॉक्युमेंट्स', 'प्रॉपर जेवण', 'प्रॉपर कपडे' असं सारखं म्हणतो, आणि फ्रेंच बोलताना तोंडातून प्रॉप्र जातो. कागदपत्रं रीतसर आहेत म्हणायचं तर 'आं रेग्ल', कपडे प्रसंगाला साजेसे म्हणायचे तर 'कोंव्हनाब्ल', जेवण नीट पोटभर म्हणायचं तर 'अँ व्हरे रपा'. सरकारी ऑफिसात जाऊन माझे कागद प्रॉप्र आहेत म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल की त्यावर डाग पडलेले नाहीत.

तेव्हा नवीन वाक्य समोर आलं की क्रम असा ठेवा. मूल किंवा कुत्रा असेल तर शी-शूचा अर्थ, तो सगळ्यात वर. मग लगेच आधी 'माझा-तुझा' आहे का बघा, असेल तर स्वतःचा. मग प्रॉप्रच्या लगेच नंतर 'आ' आहे का बघा, असेल तर खासियत किंवा लायकी. यातलं काहीच नाही आणि प्रॉप्र नामाच्या नंतर आहे, तर वस्तू मळू शकते का हे विचारा. आणि एवढं करूनही बसत नसेल तर तो बहुतेक ठरलेला शब्दप्रयोग असतो, आं मँ प्रॉप्र सारखा, तिथे डिक्शनरीत प्रॉप्र शोधू नका, त्या नामाखाली शोधा, मँ खाली, बियँ खाली, तिथे पटकन सापडतो. शंभर टक्के वाक्यं यात बसतात असं मी म्हणणार नाही, 'सों प्रॉप्र स्तील' आणि 'सों स्तील प्रॉप्र' मधला फरक तर असा आहे की पहिल्यात 'दुसऱ्याची नक्कल नाही, त्याची स्वतःची शैली' आणि दुसऱ्यात 'त्याचीच म्हणून ओळखू येणारी खास शैली', आणि हे दोन्ही अर्थ पुष्कळदा एकमेकांत मिसळलेले असतात. हे वाचून वाचून अंगवळणी पडतं, सुरुवातीला त्यावर डोकं फोडू नका.

उच्चाराचं राहिलं. 'प्रॉ' मधला ऑ उघडा ठेवा, 'प्रो' नको. शेवटचा र आपल्यासारखा जिभेवर वाजवायचा नाही, तो घशातला आणि अगदी हलका, आणि भराभर बोलताना पुढे व्यंजन आलं की लोक तो खाऊनच टाकतात, नुसतं 'प्रॉप' ऐकू येतं. मॉरिशसच्या क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचपासून बनलेल्या तिथल्या बोलीत, तर स्वच्छला 'प्रॉप' असंच म्हणतात, तिकडच्या मराठी कुटुंबांतही हाच शब्द आहे. त्यामुळे शाळेच्या दारात कोणी "इल ए प्रॉप?" म्हणालं तर हा नवीन शब्द नाही.

तुमच्या नोटिशीच्या नमुन्यात किंवा शाळेच्या फॉर्मवर अजून कुठे प्रॉप्र अडला असेल तर इथेच विचारा, फक्त सुटा शब्द टाकू नका, मागचं-पुढचं धरून पूर्ण वाक्य टाका आणि कागद कसला आहे तेही लिहा, त्याशिवाय नक्की अर्थ मलाही सांगता येणार नाही.